फाइल समोर आहे, तरी कंटेनर म्हणतो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’

गो या भाषेत लिहिलेली सर्व्हिस, डॉकरफाइल (कंटेनरची इमेज कशी बनवायची याची कृती) दोन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात गोच्या अधिकृत इमेजमध्ये बायनरी (चालवता येणारी फाइल) तयार होते, दुसऱ्यात अल्पाइन (छोटं लिनक्स) किंवा स्क्रॅचवर (पूर्ण रिकामी इमेज) तेवढी एकच फाइल कॉपी होते. बिल्ड विनातक्रार पार पडतो. ८०० एमबीच्या आसपासची इमेज २०-२५ एमबीवर येते. आणि कंटेनर सुरू करताच लॉगमध्ये एकच ओळ: ‘एक्झेक /ॲप: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

पुढचा वेळ कुठे जातो हे जवळपास ठरलेलं असतं. कॉपीची ओळ तपासायची, वर्कडिर बदलून बघायची, चमॉड मारायचं. अल्पाइन असेल तर आत शिरून एलएस केलं की फाइल जागेवर दिसते. आकार बरोबर, परवानगी बरोबर. चालवली की पुन्हा तीच ओळ. शेवटी टीममधलं कुणीतरी सुचवतं, ‘अल्पाइनमध्ये जीकम्पॅट टाक’, किंवा ‘जाऊ दे, सरळ डेबियन घे’, आणि विषय तात्पुरता मिटतो. पुढे कधीतरी बेस इमेज बदलते, एखादी लायब्ररी वाढते, आणि हेच दुखणं वेगळ्या शब्दांत परत येतं. प्रत्येक वेळी दुसऱ्या टप्प्यात एखादं पॅकेज घालून ते दाबलं जातं आणि लहान इमेज हळूहळू पुन्हा फुगते. मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच, की शेवटच्या टप्प्यात काहीही घालण्याआधी बायनरीलाच विचारा, तिला बाहेरचं काय काय लागतं.

हरवलेली फाइल दुसरीच असते

लिनक्सचा कर्नल बायनरी चालवायला घेतो तेव्हा आधी तिचं ईएलएफ हेडर वाचतो. बायनरी डायनॅमिक लिंक केलेली, म्हणजे चालताना बाहेरच्या लायब्ररी घेणारी, असेल तर त्यात एका लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ‘मला चालवण्याआधी याला बोलवा’ अशी ती नोंद. डेबियन आणि उबुंटूत ग्लिबसी ही सी लायब्ररी असते, तिथे ६४-बिट इंटेल मशीनसाठी हा पत्ता /लिब६४ मधल्या एलडी-लिनक्स फाइलचा. अल्पाइनमध्ये ग्लिबसीच नाही, तिथे मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे आणि तिचा लोडर /लिब मध्ये एलडी-मसल नावानं असतो. स्क्रॅचमध्ये तर यातलं काहीच नाही. कर्नलला लोडर सापडला नाही की तो ‘फाइल नाही’ हाच कोड परत देतो, आणि डॉकर तो तुमच्या ॲपच्या नावापुढे छापतो. संदेश खरा आहे. गायब असलेली फाइल कोणती, तेवढं त्यात लिहिलेलं नसतं.

खात्री करायला मिनिटभर पुरतं. बिल्डच्या टप्प्यात बायनरीवर ‘फाइल’ ही कमांड चालवा. उत्तरात ‘स्टॅटिकली लिंक्ड’ (सगळं बायनरीच्या आतच) आलं तर लोडरचा संबंध नाही. ‘डायनॅमिकली लिंक्ड’ आणि पुढे ‘इंटरप्रीटर’ असा शब्द व पत्ता आला, तर तोच पत्ता शेवटच्या इमेजमध्ये आहे का बघा. ‘फाइल’ कमांड नसेल तर ‘रीडएल्फ -एल’ हीच माहिती देतो. गोची बायनरी असेल तर ‘गो व्हर्जन -एम’ मारा. बायनरी बनताना सीजीओ (गोमधून सी कोड वापरण्याची सोय) चालू होतं की बंद, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता खरा प्रश्न. गो तर स्टॅटिक बायनरी बनवते असं सगळीकडे वाचलेलं असतं, मग हा लोडर आला कुठून? गोच्या मूळ लायब्ररीतली नेट आणि ओएस-युजर ही दोन पॅकेजेस सीजीओ चालू असेल तर नाव शोधण्यासाठी आणि युजरची माहिती काढण्यासाठी सिस्टमच्या सी लायब्ररीकडे जातात. एचटीटीपी सर्व्हर लिहिला म्हणजे नेट आलंच. गोच्या डेबियनवाल्या इमेजमध्ये जीसीसी हा सी कंपाइलर असतो, म्हणून तिथे सीजीओ आपोआप चालू राहतं. गोच्या अल्पाइनवाल्या इमेजमध्ये जीसीसी नसतो, आणि गो १.२० पासून सी कंपाइलर सापडला नाही तर सीजीओ आपोआप बंद होतं. म्हणजे एकच कोड, एकच डॉकरफाइल, फक्त वरच्या ओळीतला टॅग बदलला तर एकदा डायनॅमिक बायनरी मिळते आणि एकदा स्टॅटिक. ‘काल चालत होतं’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा हेच निघतं.

उपाय: बिल्डच्या टप्प्यात ‘सीजीओ एनेबल्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्वतः शून्य करा. कंपाइलर आहे की नाही यावर ते सोडू नका. जीकम्पॅट किंवा तशा पॅकेजनं अल्पाइनला ग्लिबसीचं सोंग घ्यायला लावणं मला अजिबात मान्य नाही. पहिली अडचण त्यानं टळते, मग एखाद्या दिवशी ‘एरर रीलोकेटिंग… सिम्बॉल नॉट फाउंड’ येतं, आणि तो दिवस नेमका रिलीजचा असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. सुरक्षेच्या नियमासाठी बिल्डमोड पाय (मेमरीत कुठेही बसू शकणारी बायनरी) लावला असेल, तर सीजीओ बंद असूनही बायनरीत लोडरची नोंद येऊ शकते. तिथे ग्लिबसी असलेली लहान बेस घेणं सरळ.

सीजीओ बंद करता येत नसेल तेव्हा

एसक्यूलाइट या डेटाबेसचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा गो ड्रायव्हर सी कोडवर उभा आहे. सीजीओ बंद केलं तरी बिल्ड होतो, आणि डेटाबेस उघडायला गेलं की तो स्वतःच सांगतो की बायनरी सीजीओशिवाय बनली आहे आणि हा नुसता स्टब (आत काम नसलेला सांगाडा) आहे. म्हणजे चूक बिल्डमध्ये न दिसता चालत्या सर्व्हिसमध्ये दिसते. शुद्ध गोमधला एसक्यूलाइट ड्रायव्हर उपलब्ध आहे. काम हलकं असेल तर तो घ्या.

सी लायब्ररी लागणारच असेल तर दोन रस्ते. एक, अल्पाइनच्या बिल्ड टप्प्यात जीसीसी आणि मसल-डेव्ह टाकून लिंकरला ‘-स्टॅटिक’ सांगायचं. मसल पूर्ण स्टॅटिक लिंकिंगसाठी चांगली आहे. ग्लिबसीवर हेच केलं तर लिंकर इशारा देतो की नाव शोधणाऱ्या ‘गेटॲड्रइन्फो’साठी चालताना त्याच आवृत्तीच्या ग्लिबसीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. तो इशारा वाचा, पुढे ढकलू नका. दुसरा रस्ता मला जास्त पटतो: डायनॅमिकच ठेवा, आणि शेवटच्या टप्प्यात गूगलच्या डिस्ट्रोलेस मालिकेतली ग्लिबसी असलेली ‘बेस’ किंवा सी++ नि रस्टसाठी ‘सीसी’ इमेज घ्या. शेल नाही, पॅकेज मॅनेजर नाही, पण लोडर आणि लायब्ररी जागेवर.

रस्टवाल्यांसाठी: मसलचं टार्गेट घेतलं की बायनरी मुळातच स्टॅटिक होते, पण मसलचा मेमरी ॲलोकेटर अनेक थ्रेड असलेल्या सर्व्हिसला मंद पडतो. त्याजागी मीमॅलॉक किंवा जेमॅलॉक हा ॲलोकेटर जोडा. आणि एन्क्रिप्शनसाठी ओपनएसएसएलच्या जागी रस्टमधलीच रस्टलएस घेता आली तर निम्म्या कटकटी तिथेच संपतात.

‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’

लोडर सापडला, तरी ही ओळ येऊ शकते. बायनरी डेबियन १२ वर बनली आणि डेबियन ११ वर चालवली, की हमखास. डेबियन ११ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६. ग्लिबसी २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवा व्हर्जन मिळाला. त्यामुळे त्यापुढच्या सिस्टमवर बनलेली जवळपास प्रत्येक डायनॅमिक बायनरी किमान २.३४ मागते. जुन्यावर बनवलेली बायनरी नव्यावर चालते, उलटं चालत नाही.

हे पुन्हा पुन्हा होण्याचं कारण टॅगमध्ये आहे. गोच्या इमेजचा नुसता आवृत्तीचा टॅग घेतला की त्याखालची डेबियन न सांगता पुढे सरकते, आणि शेवटच्या टप्प्यातली डेबियन मात्र तुम्ही हातानं लिहिलेली म्हणून तिथेच राहते. दोन्ही टप्प्यांत डेबियनचं नाव लिहा, बुलसाय (डेबियन ११) तर दोन्हीकडे बुलसाय, बुकवर्म (डेबियन १२) तर दोन्हीकडे बुकवर्म. शक्य असेल तिथे डायजेस्टही (इमेजचा नेमका हॅश) लिहा.

बायनरी ठीक, स्क्रिप्ट मारते

तीच ‘नो सच फाइल’ एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमुळेही येते. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टच्या ओळीअखेरीस एक अदृश्य सीआर अक्षर असतं. मग कर्नल /बिन/एसएच न शोधता ‘एसएच आणि पुढे सीआर’ अशा नावाची फाइल शोधतो. गिटॲट्रिब्यूट्समध्ये एसएच फाइलींसाठी ओळीचा शेवट एलएफ असा नियम घाला, म्हणजे कुणाचा लॅपटॉप कोणता याला महत्त्व उरत नाही. दुसरं कारण त्याहून साधं: स्क्रिप्टच्या माथ्यावर बॅश लिहिलेलं, आणि अल्पाइनमध्ये बॅश नसतो.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर विषय वेगळा. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर इमेज बनवली, ती आर्म६४ ची झाली, आणि सर्व्हर इंटेलचा आहे. बिल्डच्या टप्प्याला ‘बिल्डप्लॅटफॉर्म’ आणि गोआर्चला ‘टार्गेटआर्च’ जोडा. शुद्ध गो कोड क्यूएमू या एम्युलेटरशिवाय दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी कंपाइल होतो, आणि बराच वेगानं.

स्क्रॅचमध्ये जे नसतं त्याची आठवण उशिरा होते

कंटेनर उठला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. पुढच्या अडचणी आठवड्यांनी येतात, आणि त्यातली वेळेची अडचण आपल्याकडे फार नुकसान करते.

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. गोमध्ये ‘लोडलोकेशन’ला एशिया/कोलकाता दिलं आणि इमेजमध्ये टाइमझोनची माहिती नसली, तर ‘अननोन टाइम झोन एशिया/कोलकाता’ अशी चूक येते. ही बरी, कारण ती दिसते. लॅपटॉपवर ती येत नाही, तिथे सिस्टमची माहिती असते. गोच्या इमेजमध्येही येत नाही, तिथे गोच्या स्वतःच्या फोल्डरात या माहितीची झिप असते. पण कोडमध्ये काही न लिहिता नुसता टीझेड व्हेरिएबल एशिया/कोलकाता केला असेल, तर माहिती न सापडल्यावर गो काहीही न बोलता यूटीसी धरते. चूक नाही, इशारा नाही. रात्री बाराला ठरवलेलं काम पहाटे साडेपाचला होतं. त्याहून वाईट म्हणजे रात्री बारा ते साडेपाच या वेळात निघालेल्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडते. १ एप्रिलच्या पहाटेचं बिल ३१ मार्चचं, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षातलं. अकाउंट्स विभागाला हे कळेपर्यंत जीएसटीचं विवरणपत्र भरूनही झालेलं असू शकतं.

यावर गो १.१५ पासून, म्हणजे २०२० पासून, सोपा उपाय आहे: मुख्य पॅकेजमध्ये टाइम/टीझेडडेटा इम्पोर्ट करा. बायनरी साधारण ४५० केबीनं वाढते आणि माहिती तिच्या पोटातच राहते. बेस इमेज कोणतीही येवो, वेळ बिघडत नाही. माझ्या मते भारतात चालणाऱ्या प्रत्येक गो सर्व्हिसमध्ये ही ओळ असायला हवी.

दुसरी अडचण सर्टिफिकेटची. पेमेंट गेटवेला किंवा कुठल्याही एचटीटीपीएस पत्त्याला हाक मारली की ‘एक्स५०९: सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी’. बिल्डच्या टप्प्यातून सीए-सर्टिफिकेट्सची फाइल /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स मध्ये कॉपी करा. तपासणीच बंद करणारा ‘इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय’ कृपा करून कधीही लावू नका, टेस्टिंगपुरताही नाही. तो काढायचा राहून जातो.

तिसरी /टीएमपी फोल्डरची. फाइल अपलोड घेणारी सर्व्हिस टेस्टमध्ये उत्तम चालते, कारण गो साधारण ३२ एमबीपर्यंतचा फॉर्म मेमरीतच ठेवते. त्याहून मोठी फाइल आली की ती तात्पुरत्या फोल्डरात लिहायला जाते, आणि स्क्रॅचमध्ये ते फोल्डरच नसतं. परत तीच ‘नो सच फाइल’. छोटा फोटो चढतो, मोठी स्कॅन केलेली पीडीएफ पडते, आणि सपोर्टवाले ग्राहकाच्या नेटला दोष देत बसतात.

हे सगळं बघून माझं मत सांगतो: स्क्रॅचच्या हट्टाला पेटू नका. डिस्ट्रोलेसची ‘स्टॅटिक’ इमेज सुमारे २ एमबीची आहे आणि त्यात सर्टिफिकेट, टाइमझोन, /टीएमपी, आणि रूट नसलेला युजर हे सगळं असतं. २ एमबी वाचवून एवढं गमावणं परवडत नाही.

युजरबद्दल एक बारीक गोष्ट. डॉकरफाइलमध्ये युजर नावानं लिहिला आणि कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) ‘रनॲजनॉनरूट’ म्हणजे ‘रूट म्हणून चालवू नका’ हा नियम लावला, तर पॉड (तिथला कंटेनरचा गट) उठतच नाही. नावावरून तो रूट आहे की नाही हे कंटेनर सुरू करणाऱ्या क्यूबलेटला ठरवता येत नाही. आकडा लिहा. डिस्ट्रोलेसच्या नॉनरूट युजरचा आकडा ६५५३२ आहे.

इमेज लहान आहे, पण स्वच्छ आहे का

‘डॉकर हिस्टरी’ चालवा आणि प्रत्येक थराचा आकार वाचा. इमेज थरांची असते. खालच्या थरातली फाइल वरच्या थरात पुसली तरी ती खाली तशीच राहते. भिंतीवरच्या जाहिरातीवर कोरा कागद डकवला म्हणून जाहिरात भिंतीवरून जात नाही, तसंच हे. म्हणून डॉकरफाइलच्या एका रन ओळीत पॅकेजेस टाकून पुढच्या रन ओळीत त्यांची कॅश पुसली तर एक बाइटही वाचत नाही.

कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट: ४० एमबीची बायनरी कॉपी केली आणि पुढच्या ओळीत रननं चमॉड केलं, तर इमेजमध्ये ती ४० एमबी दोनदा बसते. परवानगी बदलली तरी ओव्हरले फाइलसिस्टम अख्खी फाइल वरच्या थरात उचलून नेते. कॉपीच्याच ओळीत ‘--चमॉड’ आणि ‘--चोन’ देता येतात. एकाच ओळीत काम होतं आणि आकार निम्मा राहतो.

टोकनचा मुद्दा याहून गंभीर आहे. खासगी मॉड्यूल आणण्यासाठी गिटचं टोकन आर्ग या बिल्ड व्हेरिएबलमधून दिलं आणि ते शेवटच्या टप्प्यात वापरलं, तर ते हिस्टरीत वाचता येतं. पहिल्या टप्प्यात वापरलं तर शेवटच्या इमेजमध्ये येत नाही, हे खरं. पण सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) बिल्ड कॅश ‘मोड=मॅक्स’नं रजिस्ट्रीत ढकलत असाल तर मधल्या टप्प्यांचे थरही तिथे जातात, आणि टोकन फाइलीत लिहिलं गेलं असेल तर तेही. बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा. ते टोकन थरात लिहिलंच जात नाही.

बायनरी हलकी करायला लिंकरचे ‘-एस -डब्ल्यू’ हे फ्लॅग पुरतात. सिम्बॉल टेबल आणि डीबग माहिती जाते, पण पॅनिक झाल्यावर फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक तरीही मिळतात. सोबत ‘-ट्रिमपाथ’ लावा, म्हणजे बिल्ड मशीनवरचे पत्ते बायनरीत राहत नाहीत. बायनरी दाबून लहान करणाऱ्या यूपीएक्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. डिस्कवर फाइल लहान दिसते, पण सुरू होताना ती पूर्ण मेमरीत उलगडावी लागते, आणि रजिस्ट्री थर तसेही दाबूनच पाठवते.

शेल नाही, मग आत बघायचं कसं

एंट्रीपॉइंट कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. साध्या ओळीत लिहिला तर डॉकर ती /बिन/एसएच मार्फत चालवतो, जो इथे नाहीच. जिथे आहे तिथेही शेल पहिली प्रोसेस होऊन बसू शकतो आणि सिगटर्म (थांबण्याचा इशारा) तुमच्या ॲपपर्यंत पोचत नाही. डॉकर १० सेकंद वाट बघतो आणि मारून टाकतो, कुबरनेटीस ३० सेकंद. चालू असलेल्या रिक्वेस्ट मध्येच तुटतात. कर्लवर अवलंबून असलेला हेल्थचेकही इथे पडतो. त्यासाठी बायनरीलाच एक छोटा सबकमांड द्या, जो स्वतःच्या हेल्थ पत्त्याला हाक मारून शून्य किंवा एक परत देईल.

चालू पॉडच्या आत बघायचं असेल तर ‘क्यूबसीटीएल डीबग’नं शेजारी तात्पुरता कंटेनर जोडता येतो. कुबरनेटीस १.२५ मध्ये, २०२२ साली, ही सोय पक्की झाली. ‘टार्गेट’ दिला की मूळ कंटेनरच्या प्रोसेस दिसतात. डिस्ट्रोलेसच्या डीबग टॅगमध्ये बिझीबॉक्सचा शेल असतो, पण तो टॅग प्रॉडक्शनच्या डॉकरफाइलमध्ये राहणार नाही एवढं बघा.

आणि हे दुखणं परत येऊ नये म्हणून सीआयमध्ये दोन पायऱ्या घाला. पहिली बिल्डच्या टप्प्यातच: ‘रीडएल्फ -एल’च्या उत्तरात ‘इंटर्प’ शब्द सापडला तर बिल्ड तिथेच थांबवा, डायनॅमिक बायनरी मुद्दाम ठेवली असेल तर अपेक्षित लोडरचा पत्ता जुळवून बघा. दुसरी इमेज बनल्यावर: ‘डॉकर क्रिएट’, मग ‘डॉकर एक्सपोर्ट’, आणि ते ‘टार -टी’ला जोडून आतल्या फाइलींची यादी काढा. डॉकर स्वतः ठेवतो त्या डेव्ह, प्रॉक, ईटीसी होस्ट्स अशा नोंदी वगळून उरलेली यादी रिपॉझिटरीत ठेवलेल्या यादीशी ताडून बघा. पुढे कुणी बेस बदलली किंवा एखादं पॅकेज घातलं, तर ते पुल रिक्वेस्टमध्येच दिसेल आणि त्यावर तिथेच बोलता येईल.